डाव्या भुवईची खाच

१ फेब्रुवारी, बुधवार

आले बाई एकदाची! सकाळी घराला कुलूप लावताना परत येईन की नाही असं वाटलं होतं, पण खोली पाहिली आणि जिवात जीव आला. मी आपली एखादी अंधारी कोठडी डोळ्यांपुढे आणून बसले होते आणि निघाली चांगली उजेडाची, ऐसपैस खोली. पांढऱ्या भिंती, एक पलंग, एक आरामखुर्ची, कपाट, स्वतंत्र बाथरूम. एका बाजूला खिडकी आहे, ती कधीच उघडत नाही, पण खाली गाड्या उभ्या करायची जागा आणि चार झाडं दिसतात. दुसऱ्या बाजूला भलीमोठी काच. काचेपलीकडे व्हरांडा. भेटायला येणाऱ्यांनी तिथे उभं राहायचं आणि भिंतीवरच्या फोनवरून माझ्याशी बोलायचं. आमचे हे लगेच तिकडे जाऊन उभे राहिले आणि फोन उलटा धरून कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत बसले. मी आतून हसून हसून बेजार.

माझ्या हाडांतला रक्ताचा कारखाना बंद पडलाय. गेलं वर्षभर मी लोकांनी दिलेल्या रक्ताच्या पिशव्यांवर दिवस काढतेय. आता औषधं देऊन तो जुना कारखाना पार मोडीत काढणार आणि ताईच्या पेशी माझ्यात सोडून नवा सुरू करणार. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. तपासणीत ती तंतोतंत जुळली. आमचा दादाही जुळला, पण अर्धाच. त्यावरून ताईनं त्याला भरपूर छळून घेतलं. लहानपणापासून सगळं अर्धवट करायची सवय आहे तुला, म्हणाली.

ही वहीसुद्धा तिचीच भेट. तिथे ऐकायला कुणी नसणार आणि तू बडबडल्याशिवाय जगणार नाहीस, तेव्हा वहीशी बडबड, कळलं? असं तिनं पहिल्या पानावर लिहून दिलंय. तिचं प्रत्येक वाक्य असं ‘कळलं?’वर संपतं. आणि मला अजून बारके म्हणते. मी चाळिशीला टेकले तरी.

२ फेब्रुवारी, गुरुवार

छातीत नळी बसवली. दुखलं, पण बोंब मारण्याइतकं नाही. आता सगळी औषधं आणि शेवटी ताईच्या पेशीही याच नळीतून जाणार.

इथले नियम भारी कडक. खोलीला दोन दारं आहेत. बाहेरचं उघडलं की बारीकशी मधली खोली, तिथे हात धुवायचा नळ. येणारा कुणीही असो, मोठा डॉक्टर असो की फरशी पुसणाऱ्या मावशी, आधी साबणानं खसाखसा हात धुवायचे, मग गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे चढवायचे आणि बाहेरचं दार लागल्यावरच आतलं उघडायचं. त्यामुळे कुणी येणार असलं की मला आधी नळ ऐकू येतो. नळ वाजला की मी केस सारखे करून बसते.

सगळे डोळ्यांखेरीज झाकलेले. बाकीच्या पेशंटांची पंचाईत होत असेल, माझी नाही. मी पार्लरवाली. अर्धा जन्म बायकांच्या भुवया कोरण्यात गेला. एकदा भुवई पाहिली की माणूस विसरत नाही. मुख्य सिस्टरच्या भुवया इतक्या सुरेख वळणाच्या आहेत की मी तिचं नाव कमान ठेवलंय. मोठ्या डॉक्टरांच्या म्हणजे नुसतं रान, ते झुपके डॉक्टर. मावशींच्या कुणा अडाण्यानं दोऱ्यासारख्या करून ठेवल्यात, बघून हात शिवशिवतात.

आणि आमचे हे! घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू हुडकतात, पण माझ्या भुवया कोरलेल्या आहेत की वाढलेल्या हे त्यांना संसारात एकदाही कळलेलं नाही. एकदा मी पैजेनं एकच भुवई कोरली आणि दुसरी तशीच ठेवून आठवडाभर त्यांच्यासमोर वावरले. त्यांना पत्ता नाही. ताई हे अजून सगळ्यांना सांगत सुटते.

ताईची डावी भुवई तर मी लाखांत ओळखेन. लहानपणी फाटकाची कडी लागली होती. शेपटाकडे तांदळाच्या दाण्याएवढी तिरपी खाच आहे, तिथे केस उगवलेच नाहीत. तिच्या लग्नात मी ती पेन्सिलनं भरून दिली होती.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

औषध सुरू. अजून तरी काही नाही, तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव आहे तेवढी.

झुपके डॉक्टर खुर्चीत बसून निवांत बोलले. नवा कारखाना सुरू झाला की तुमचं रक्त तुमच्या बहिणीचं रक्त होणार, म्हणाले. रक्तगटसुद्धा बदलणार. आमच्याकडे तिघांच्या तीन तऱ्हा आहेत, माझा ए, दादाचा बी आणि ताईचा ओ. म्हणजे मी ओ होणार. मी विचारलं की मग मी तिच्यासारखी चादरीच्या कडा चौकोनी दुमडत बसेन का, कारण तिला ती खोड आहे, पाहुण्यांकडे गेली तरी दुसऱ्यांच्या चादरी दुमडते. डॉक्टर हसले. रक्त बदलतं, माणूस तोच राहतो म्हणाले.

५ फेब्रुवारी, रविवार

काल दिवसभर उलट्या. आज जरा माणसात आहे.

ताईचा फोन आला. उद्या सकाळच्या बसनं निघतेय. आल्यावर तिलाही खालच्या मजल्यावर दाखल करून पेशी वाढवायची इंजेक्शनं देणार आहेत. पोरांना कधी एक दिवस सोडून राहिली नाही ती. मोठीची परीक्षा आहे, धाकट्याचा दुधाचा दात हलतोय, तो पडेल तेव्हा मी नसेन, म्हणून रडवेली झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, आपण पुढे ढकलू. तर माझ्यावरच खेकसली. तुझा कारखाना निम्मा मोडलाय, आता काय ढकलतेस, मी येते म्हणजे येते, कळलं?

ठेवताना म्हणाली, येते गं बारके.

६ फेब्रुवारी, सोमवार

दुपारपासून काचेकडे डोळे लावून बसले होते. ताई नाही. संध्याकाळी हे आले. ताई पोचली, म्हणाले, खाली दाखल केलीये, तपासण्या चालू आहेत. बोलताना सगळा वेळ फोनच्या वायरीशी चाळा. मी म्हटलं, मग दोन मिनिटं वर यायला काय झालं तिला? त्यावर यांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं.

ताईचा फोन बंद. मी तिच्या फोनवर निरोप बोलून ठेवला. तोंड न दाखवता खाली बसलीयेस होय, असं चांगलं सुनावलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

हे म्हणतात, ताईला बारीकशी सर्दी आहे म्हणून वर सोडत नाहीत. फोन प्रवासात पडून बिघडला. त्यामुळे आता पेशी शुक्रवारऐवजी सोमवारी देणार. मी कमान सिस्टरला विचारलं तर तिनंही हो म्हटलं, पण तिच्या भुवया जरा उशिरानं हलल्या. माणूस खरं बोलतो तेव्हा भुवया तोंडाच्या आधी हलतात, हे मी खुर्चीत बसवून हजारदा पाहिलंय.

काहीतरी लपवतायत. ताईला मोठं काही दुखणं निघालं असेल का? की भावोजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, नको म्हटलं? औषधानं माझा जुना कारखाना जळत चाललाय आणि ताईनं नाही म्हटलं तर मी संपले. भीती वाटते. खोटं कशाला बोलू, खूप भीती वाटते.

बंद फोनवर पुन:पुन्हा निरोप ठेवले. ताई ये ना. सर्दी असू दे, कुणी अडवलं तर ऐकू नकोस, थेट माझ्या खोलीत ये. तुझ्याशिवाय मी कुणाचं काही घ्यायची नाही. ऐकतेस ना, दुसऱ्या कुणाचं मी घेणारच नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

ताई आली! आज दुपारी, जेवणाचं ताट नेल्यावर. मी डोळे मिटून पडले होते, उघडले तर पायाशी उभी. गाऊन, टोपी, मास्क, आणि वर डावी भुवई, तीच खाच. मी लहान मुलासारखी रडले. खाली कंटाळलीस का, सर्दी कशी आहे, किती विचारलं. ती फार बोलली नाही. बोलावलंस ना, आले, एवढंच म्हणाली. माझ्या कपाळावर हात ठेवला. हातमोज्यातूनही गार लागला, पण मला तापच होता, बरं वाटलं. नंतर माझा डोळा लागला असावा. उठले तर ती गेलेली, आणि पायाकडची चादर चौकोनी दुमडलेली. खोड कुठे जाते!

सगळा दिवस सोन्यासारखा गेला. आता मला कसलीच भीती नाही.

एक मात्र लिहिताना आठवलं. ती आली तेव्हा नळ वाजला नाही. हात न धुताच आली वाटतं, वेंधळी. कमानला कळलं तर दोघींची धडगत नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं. कमानच्या हातातली सुई ट्रेमध्ये पडली. कुणीही आलं नाही म्हणाली, बाहेरचं दार उघडलं की आमच्या टेबलावर दिवा लागतो, आणि काल दुपारी दिवा लागलाच नाही. मग झुपके डॉक्टर आले, बोटं मोजायला लावली, वार विचारला. तापात असं होतं म्हणाले. यांना काचेतून सांगितलं तर यांचा चेहरा राखेसारखा झाला. फोन जागेवर न ठेवताच पाठ फिरवून गेले.

तापात भास होत असेल. होतो. पण चादर? ती मी दुमडली नाही. छातीतल्या नळीमुळे मला पायापर्यंत वाकताच येत नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

औषधाचा शेवटचा डोस काल संपला. डॉक्टर स्पष्ट बोलले. जुना कारखाना आता शून्य. सोमवारी पेशी मिळाल्याच पाहिजेत, मागे फिरायला वाट नाही.

दुपारी ती पुन्हा आली. आज मी जागी होते, टक्क. दाराकडेच पाहत होते. नळ नाही. दार उघडल्याचा आवाज नाही. मी एकदा पापणी मिटली आणि ती खुर्चीशी होती.

मी मास्ककडे पाहत राहिले. आपण श्वास घेतो तेव्हा मास्क आतबाहेर होतो. तिचा हलत नव्हता. सपाट, कागद चिकटवल्यासारखा.

ती पोरांविषयी बोलत होती. धाकट्याचा दात आज पडला, म्हणाली. त्यानं तो मुठीत धरून ठेवलाय आणि कुणालाच दाखवत नाही. माझी पोरं लहान आहेत गं बारके, असं दोनतीनदा म्हणाली. आवाज तिचाच, पण तोंडापाशी कापड हलत नव्हतं.

मी घंटी दाबली. नळ वाजला आणि कमान आत आली. खोलीत कुणी नव्हतं. चादर दुमडलेली होती. कमाननं ती पाहिली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि ती उलगडून टाकली.

१२ फेब्रुवारी, रविवार

काचेशी दादा उभा होता. तो कामासाठी दूर राहतो, मला माहीत नसताना आलेला. डोळे सुजलेले. दोन्ही कोपरांच्या आत पट्ट्या. इंजेक्शनं घेतल्याच्या, रक्त काढल्याच्या. मी विचारलं, तुझ्या हातांना काय झालं, आणि विचारता विचारताच मला सगळं कळलं.

मग यांनी सांगितलं. फोनवर. काचेला कपाळ टेकून, रडत. सोमवारी सकाळी बस उलटली. बरेच लोक वाचले. ताई नाही. तुझ्या जिवाला धक्का बसेल म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं सांगायचं नाही, डॉक्टरांनाही गळ घातली. दादाच्या पेशी काढल्यात. अर्ध्या जुळतात, पण चालतात.

म्हणजे मी सोमवारपासून बोलावत होते. ये म्हणत होते. थेट माझ्या खोलीत ये. मेलेल्या माणसाला. मला कुणी सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते, रडले असते, पण बोलावलं नसतं. माझ्या बऱ्यासाठी केलंत रे सगळं, आणि काय करून बसलात.

माझी ताई गेली. मला तिच्यासाठी धड रडतासुद्धा येत नाही. रडू आलं की नजर दाराकडे जाते.

१३ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांवर गुंगी आहे. तरी लिहिते.

सकाळी दादाची पिशवी आणली. फिकट लाल. कमाननं दोनदा तपासून लावली आणि थेंब सुरू केला. डॉक्टर, कमान, सगळे खोलीत होते तोवर मी बरी होते. दर थेंबाबरोबर मी मनात दादाचं नाव घेत होते. मग डॉक्टर गेले. कमानही औषध आणायला मधल्या खोलीत गेली, दार लागलं.

ती पिशवीशी उभी होती.

मी म्हटलं, ताई, तू गेलीस. मला आता माहीत आहे. जा तू. मी हात जोडले.

ती म्हणाली, तूच म्हणालीस ना, माझ्याशिवाय कुणाचं घेणार नाही. अगदी समजुतीनं म्हणाली, लहानपणी माझी वेणी घालताना बोलायची तसं. पुढे म्हणाली, तुझ्या मागे कोण आहे? तुझा नवरा राहील एकटा, पुरुषमाणूस आहे. माझी दोन लहान आहेत. मला फक्त घरी जायचंय.

आणि तिनं पिशवी हातात धरली, आपण उन्हाळ्यात गार पेला धरतो तशी, दोन्ही तळव्यांत. पिशवी गडद झाली. नळीतून गडद उतरत आलं. घंटी चादरीवरच होती, माझा हात जात नव्हता. छातीत शिरलं तेव्हा इतकं गार—

नळ वाजला. कमान आली. छान चाललंय म्हणाली. गार लागतं, पिशवी फ्रीजमधली असते. मी ओरडले, काढा ते, काढा. चौघांनी धरलं मला. झोपेचं इंजेक्शन दिलं.

पूर्ण पिशवी गेली.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

ती आज आली नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

तोंडभर फोड, ताप. वहीकडे हात जात नाही. ती आलेलीच नाही. सगळे म्हणतात, बघा, भास होता, गेला. मी मान हलवते. मला दुसरीच भीती आहे आणि ती कुणाला सांगू? ती येत नाही. यायची गरज उरली नसेल.

२६ फेब्रुवारी, रविवार

केस गेले. उशीवर पुंजके. आज भुवयाही गेल्या, बोट फिरवलं आणि हातात आल्या. आरशात पाहिलं तर चेहरा पाटीसारखा कोरा. मी ओळखूच आले नाही. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांना भुवयांवरून ओळखलं, तिला स्वतःची ओळख पटेना. यांना काचेतून विचारलं, काही फरक दिसतो का? हे म्हणाले, छान, तरतरीत दिसतेस.

मी हसले. खूप दिवसांनी.

१ मार्च, बुधवार

रक्तातल्या पेशींचे काउंट वर येतायत. नवा कारखाना सुरू झाला. कमाननं टाळ्या वाजवल्या. झुपके डॉक्टरही खूश, पण चक्रावलेले. इतक्या लवकर, इतक्या जोरात येत नाहीत म्हणाले. अर्धं जुळलेलं असताना तर नाहीच.

मी विचारलं, रक्तगट कुठला येतोय? एवढ्यात पूर्ण बदलत नाही म्हणाले. तरी तपासा, मी हट्ट धरला.

३ मार्च, शुक्रवार

ओ.

दादाचा बी. माझा ए. आलाय ओ. डॉक्टर म्हणाले, लॅबमध्ये नमुन्यांचा घोळ झालाय, पुन्हा पाठवू.

पुन्हा ओ.

५ मार्च, रविवार

सकाळी उठले तर चादर दुमडलेली. पायाकडची नाही. माझ्या हातातली. माझीच बोटं कडेवरून फिरत होती, चौकोन करत होती. मी हात मांडीखाली दाबून बसले.

मला जगायचंय. ताई, तुझी पोरं मला माझ्याइतकीच प्रिय आहेत, मी त्यांना सांभाळीन, पोटाशी धरीन, शपथ घेते. पण मी म्हणून जगू दे गं मला.

उत्तर बाहेरून आलं नाही. आतून आलं. झोप आता बारके.

६ मार्च, सोमवार

भुवया येतायत. इतक्यात येत नाहीत म्हणे. काळी बारीक लव. उजवी पूर्ण. डावी—

पेन्सिल मागितली. कमाननं हसून आणून दिली, भुवया रंगवायची हौस आली म्हणजे पेशंट बरा झाला म्हणे. मी खाच भरली. घट्ट भरली. दुपारी पाहिलं तर पुसलेली. हाताला काळं लागलेलं. माझ्याच.

७ मार्च, मंगळवार

भावोजी पोरांना घेऊन आले. काचेपाशी. मी यांना निक्षून सांगितलं होतं, आणू नका. मीच बोलावलं म्हणतात. फोन करून. मला आठवत नाही.

मी तोंड दाबून बसले होते. तरी हात सुटला, फोनला लागला. मी म्हटलं, दात मुठीत धरू नकोस, डबीत ठेव, कळलं? धाकटा काचेला चिकटला. मोठी मागे सरली. भावोजी रडायला लागले, अगदी तिच्यासारखं बोललीस म्हणाले.

दाताचं मला तिच्याशिवाय कुणी सांगितलं होतं?

यांना कसं सांगू? सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणतात, दुःखानं असं होतं. गोळी वाढवली. गोळी घेतली की मी झोपते. मी झोपले की—

८ मार्च, बुधवार

दुपार कुठे गेली माहीत नाही. पार्लरच्या खुर्चीचा रंग आठवत नाही. आमच्या घराच्या दाराचा—

ताईच्या घराचा आठवतो. स्वयंपाकघरातला कुठला डबा कुठे तेही.

जागं राहायचं. जागं. पेन सोडायचं नाही

९ मार्च, गुरुवार

उद्या घरी सोडणार. जीव भांड्यात पडला. इतके दिवस आई नाही म्हणजे पोरांनी घराचा पार उकिरडा केला असेल. मोठीचा निकाल विचारायचाय. धाकट्याची नखं कापली असतील की नाही देव जाणे, यांना नाही सुचायचं ते. आधी दोन दिवस बारकीच्या नवऱ्याकडे काढावे लागतील, लोक काय म्हणतील म्हणून. मग मुलांना आईची गरज आहे म्हणून सांगता येईल. भला माणूस आहे, अडवणार नाही. आत्ताच काचेपाशी येऊन गेला, हसला. त्याला काहीच कळलं नाही.

बारकी निजली आहे. फार दमली होती पोर. तिला आता उठवायचं नाही, कळलं?

नाही—हे मी नाही—वरचं मी लिहिलेलं नाही—अहो—उद्या गाडीत बसवायच्या आधी—दारातच—पेन्सिल पुसा, ती आता खाच भरते, मीच शिकवलेलं—तुमचं भिंग लावा डोळ्याला आणि आयुष्यात एकदा, एकदाच, माझ्या भुवईकडे नीट ब